ओला, सुका, लाल ठिपका: पुण्यातल्या घरातल्या कचऱ्याचं काय करायचं

रोज सकाळी पावणेनऊच्या सुमारास जिन्यातून 'कचराऽऽ' अशी हाक येते आणि आमच्या मजल्यावर तीन दारं उघडतात. एका दारातून दोन बादल्या बाहेर येतात. दुसऱ्यातून एकच काळी पिशवी, गच्च गाठ मारलेली. तिसऱ्या दारातले काका म्हणतात, "दोन मिनिटं थांबा हं, वेगळा करून देतो," आणि आत जाऊन डब्यात हात घालतात. काही वर्षांपूर्वी ते काका म्हणजे मीच होतो. रोज नाक दाबून तो उद्योग केल्यावर उशिराने डोक्यात प्रकाश पडला. चहाचा चोथा, बिस्किटपुड्याचा कागद आणि बाळाचा डायपर आपल्या हातात येतात तेव्हा वेगळेच असतात. एकत्र आपण करतो आणि मग निस्तरत बसतो. म्हणजे कचरा वेगळा करायचा नाही, तो मिसळायचा नाही. हे जमायला शिस्तीपेक्षा डबे कुठे ठेवले आहेत याचा उपयोग जास्त होतो.

हे सगळं पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहून लिहितो आहे. मुख्य नियम देशभर एकच आहेत, पण उचलण्याची पद्धत गावागणिक बदलते. पणजीत किंवा वेंगुर्ल्यात राहणाऱ्यांना पुण्याची विभागणी अगदीच ढोबळ वाटेल, कारण तिकडे सुक्या कचऱ्याचेही कितीतरी पोटभेद केले जातात.

नियम काय, आणि उचलतं कोण

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घराला कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितलं: ओला, सुका आणि घरगुती घातक. त्यांच्या जागी आलेले २०२६ चे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे. त्यात भाग चार आहेत: ओला, सुका, सॅनिटरी (पॅड, डायपर वगैरे) आणि विशेष काळजी घ्यावी लागणारा (सेल, बल्ब, जुनी औषधं वगैरे). पुणेकरांना यात फार नवं काही नाही. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत इथे आधीपासून आहे.

पुण्यात बऱ्याच भागांत दारावर येणाऱ्या ताई 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद असतात. १९९३ साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली, त्यातून ही संस्था निघाली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. त्यांच्या कमाईचे दोन भाग असतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एक आपण दरमहा देतो ते शुल्क, आणि दुसरा आपल्या सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येणारे पैसे. कोरडं वर्तमानपत्र विकलं जातं. त्यावर आमटी सांडली की त्याची किंमत शून्य. आपण जे मिसळतो ते कुणाच्या तरी मिळकतीतून वजा होतं, आणि ते निवडायला जो हात लागतो तोही त्यांचाच असतो.

उरलेला मिश्र कचरा वर्षानुवर्षं कुठे गेला हे पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांना विचारावं. शहराचा कचरा आपल्या उशाशी नको म्हणून त्यांनी कितीदा गाड्या अडवल्या आहेत.

पायरी पहिली: डब्यांच्या जागा

सिंकखालच्या अंधाऱ्या कपाटात दोन डबे ठेवले की मिसळणं ठरलेलं. घाईत दार उघडून जो पुढे दिसेल त्यात माणूस टाकतो. आमच्याकडे आता अशी मांडणी आहे:

- ओल्याचा डबा ओट्यावर, भाजी चिरायच्या जागेजवळ. छोटा, चार-पाच लिटरचा, झाकणाचा. आत प्लॅस्टिकची पिशवी नाही, तळाला वर्तमानपत्राची घडी. छोटा मुद्दामच, म्हणजे रोज रिकामा करावाच लागतो.
- सुक्यासाठी स्वयंपाकघराबाहेर, बाल्कनीत, मोठी गोणी. सुका कचरा जागा खातो, पण नासत नाही. कोरडा असेल तर आठवडाभर राहिला तरी वास येत नाही.
- सॅनिटरीसाठी न्हाणीघरात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि लाल स्केचपेन. स्केचपेन दोऱ्याने बांधून ठेवा, नाहीतर पोरं चित्र काढायला पळवतात.
- विशेष काळजीच्या वस्तूंसाठी माळ्यावर बुटांचा एक रिकामा खोका.

काळ्या पिशवीची खरंच गरज नाही. गाठ मारलेली पिशवी ताईंना फाडावीच लागते आणि आत काय आहे ते फाडेपर्यंत कळत नाही. डबा थेट त्यांच्या बादलीत उपडा करायचा आणि विसळून टाकायचा. विसळलेलं पाणी कुंडीला.

पायरी दुसरी: ओला डबा

भाजीची देठं, फळांची सालं, अंड्याची टरफलं, खरकटं, चहाचा चोथा, शिळी पोळी, मासळीचे काटे, हाडं, सुकलेली फुलं हे सगळं ओलं. यात कुणाचं अडत नाही. अडतं ते कडेच्या वस्तूंपाशी.

चहाचा चोथा गाळणीतून थेट डब्यात गेला की डब्यात पाणी साठतं आणि वासाची सुरुवात तिथूनच होते. गाळणी पाच मिनिटं सिंकच्या कडेला निथळू द्या. टी-बॅग असेल तर फाडून पाहा. बऱ्याच पिशव्यांत प्लॅस्टिकचा धागा असतो, म्हणून चहा ओल्यात आणि पिशवी सुक्यात.

शहाळं आणि नारळाची करवंटी नियमाने ओल्यातच, पण घरच्या खताच्या बास्केटमध्ये त्यांचं खत व्हायला वर्ष-वर्ष जातं, त्यामुळे ती ताईंकडेच द्या. नारळाच्या शेंड्या मात्र जपून ठेवा, पुढे कामाला येतात. आंब्याच्या कोयी आणि मक्याची बुरकुंडंही ताईंकडेच द्या.

तेलकट, ओला झालेला कागद सुक्यात टाकू नका. वडापावचा कागद, हात पुसलेला टिश्यू फाडून ओल्यात टाका, त्याचं खत होतं. चहाचा कागदी कप मात्र फसवा. त्याला आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं, म्हणून विसळून सुक्यात.

देवघरातलं निर्माल्य टाकण्याआधी हाराचा दोरा, जर आणि प्लॅस्टिकचे मणी काढून घ्या. गणपतीत दहा दिवस रोज हार येतो. त्याच वेळी दोरा ओढून काढला तर मिनिट लागतं, दहा दिवसांनी काढायला बसलं तर अर्धा तास.

तळणाचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. थोडं असेल तर वर्तमानपत्रात टिपून तो कागद ओल्यात.

पायरी तिसरी: सुकी गोणी

सुक्याला दोनच अटी: कोरडा आणि रिकामा. चकचकीत धुवायची गरज नाही. भांडी विसळल्यावर वाया जाणाऱ्या पाण्यात एकदा बुचकळून काढलं की पुरे. केचपची बाटली, दह्याचा डबा, ज्यूसचा खोका यांच्यासाठी एवढंच करा. खोका दाबून चपटा करा.

दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका. चीर द्या, कोपरा लटकत राहू द्या. ते तिकोनी तुकडे इतके बारीक असतात की निवडताना हाती लागत नाहीत आणि गटारात जातात. पिशवी मधोमध कापून पाण्यात बुचकळायची आणि खिडकीच्या गजाला वाळत घालायची. महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत दुधाची रिकामी पिशवी परत घेऊन ५० पैसे द्यायची तरतूद होती. आमच्या गल्लीत अजून एकाही दुकानदाराने ते मला दिलेले नाहीत, हा भाग वेगळा. त्याच बंदीत हँडलच्या प्लॅस्टिक पिशव्यांसाठी पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड आहे, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि तीन महिन्यांची कैद. कापडी पिशवी स्वस्त पडते.

फुटलेली काच आणि वापरलेली ब्लेडं यांच्याबाबत हयगय नको. काच जाड वर्तमानपत्रात दोन घड्या घालून गुंडाळायची, दोऱ्याने बांधायची, वर ठळक अक्षरांत 'काच' लिहायचं आणि गोणीत न टाकता ताईंच्या हातात वेगळी द्यायची. ब्लेडं पावडरच्या जुन्या डब्यात साठवा, डबा भरला की झाकणाला चिकटपट्टी लावा.

चिप्सचे चकचकीत पुडे, थर्मोकोल, एटीएमच्या पावत्या यांना भंगारात फारशी किंमत नाही, तरी ते सुकेच. रद्दी आणि बाटल्या भंगारवाल्याला विकायच्या की ताईंना द्यायच्या, हे तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही रद्दी विकतो आणि बाकी सगळं ताईंना देतो. फक्त किमती माल काढून घेऊन त्यांना नुसता पाला-पुडा देणं मला बरं वाटत नाही.

पायरी चौथी: लाल ठिपका

सॅनिटरी पॅड, डायपर, रक्त लागलेला कापूस, बँडेज, कंडोम हे सगळं प्रत्येकी वेगळं कागदात गुंडाळायचं आणि गुंडाळीवर बाहेरून दिसेल असा लाल ठिपका काढायचा. डायपरमधली घाण आधी कमोडमध्ये टाकून फ्लश करायची. मग तो आत दुमडून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करायचा आणि कागदात घालायचा. लाल ठिपका दिसला की ताई ती गुंडाळी उघडत नाहीत. त्या ठिपक्याचं सगळं काम एवढंच आहे, पण रोज कितीतरी घरांचा कचरा हाताळणाऱ्या माणसासाठी ते मोठं आहे.

घरात आजारी माणूस असेल तर मोठ्यांचे डायपर रोज निघतात. संकोच न करता ताईंना आधी सांगून ठेवावं. त्या वेगळी पिशवी आणतात. आम्ही सासूबाईंच्या आजारपणात चार महिने असंच केलं.

इंजेक्शनच्या सुया यात नाहीत. मधुमेही घरांत हा गोंधळ नेहमी होतो. सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाका, डिटर्जंटची रिकामी बाटली उत्तम. झाकण घट्ट लावा, वर 'सुया' लिहा आणि ती बाटली खाली सांगितलेल्या खोक्यात ठेवा.

पायरी पाचवी: माळ्यावरचा खोका

सेल, ट्यूबलाइट, सीएफएल बल्ब, मुदत संपलेली औषधं, पाऱ्याचा थर्मामीटर, रंगाचे डबे, कीटकनाशकाच्या बाटल्या, जुने चार्जर, बिघडलेले मोबाइल. हे रोज निघत नाही, म्हणून साठवायचं आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा ताईंना किंवा संकलन केंद्रावर द्यायचं. उपकरणं आणि बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी आता उत्पादकांवर आहे, तेव्हा नवी वस्तू घेताना दुकानात जुनी घेता का ते विचारा.

मोबाइलची फुगलेली बॅटरी खोक्यात ठेवू नका, दाबू नका, टोचू नका. टोकांना चिकटपट्टी लावून धातूच्या रिकाम्या डब्यात वाळू घाला, त्यात ती ठेवा आणि लवकरात लवकर देऊन टाका. सीएफएल फुटला तर खिडक्या उघडा, लहान मुलांना बाहेर काढा आणि तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करून बरणीत भरा. झाडू किंवा व्हॅक्यूम नको, त्याने पाऱ्याची वाफ पसरते.

पायरी सहावी: घरच्या घरी खत

इथे थोडं ऐसपैस बोलतो, कारण माझी सगळ्यात जास्त फजिती इथेच झाली. आमच्या चौघांच्या घरात ओला कचरा वजनकाट्यावर रोज पाऊण किलोच्या आसपास भरतो, आंब्याच्या दिवसांत दीड किलो. एवढा कचरा बाल्कनीतल्या दोन बास्केटमध्ये सहज जिरतो.

पहिल्या खेपेला मी झाकणाची प्लॅस्टिकची बादली घेतली, रोज त्यात ओला कचरा टाकला आणि झाकण घट्ट लावलं. दहाव्या दिवशी शेजारच्या वहिनींनी बेल वाजवून विचारलं, "तुमच्याकडे काही मेलंय का?" चूक सरळ होती. हवा नाही, कोरडं काही नाही, आणि खाली पाण्याचा डोह. ओला कचरा पाणी आणि नत्राने भरलेला असतो. त्याला जोडीला कार्बन लागतो, तो वाळलेला पाला, भुसा आणि शेंड्यांत असतो. आणि हवा लागते. तिन्ही मिळालं की सूक्ष्मजीव काम करतात आणि पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. हवा तुटली की दुसरेच जीव माजतात आणि वहिनी बेल वाजवतात.

करायचं असं:

१. भाजीवाल्याकडची चारही बाजूंनी जाळीची बास्केट घ्या, पंधरा-वीस लिटरची. दोन घ्या. आतून ताग किंवा जुन्या साडीच्या सुती कापडाचं अस्तर लावा. खाली विटांचे दोन तुकडे ठेवा, म्हणजे तळातून हवा लागेल, आणि त्याखाली एक परात.

२. तळाला चार बोटं नारळाच्या शेंड्या, त्यावर चार बोटं वाळलेला पाला.

३. विरजण हवं. कुणाकडचं अर्धं तयार खत दोन-तीन ओंजळी मिळालं तर सगळ्यात चांगलं. नाहीतर मूठभर शेण, किंवा वाटीभर आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून पाल्यावर शिंपडा.

४. रोजचा ओला कचरा बारीक करून टाका. कलिंगडाचं साल अख्खं टाकलं तर महिनाभर तसंच दिसतं, बोटभर तुकडे केले तर पंधरवड्यात जातं.

५. एक वाटी ओल्याला एक ते दीड वाटी कोरडं. पाला, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), लाकडाचा भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा. वर कोरड्याचाच थर असला पाहिजे, ओलं उघडं दिसता कामा नये. चिलटं त्यावरच बसतात.

६. आठवड्यातून दोनदा खुरप्याने खालपासून हलवा.

ओलावा बघायला मूठभर काढून दाबा. बोटांच्या फटींतून एखादा थेंब आला तर बरोबर. पाणी गळलं तर पाला वाढवा. मूठ उघडल्यावर भुसभुशीत सुटलं तर पाणी शिंपडा.

नाक आणि डोळे बाकीचं सांगतात. अमोनियाचा, मुतारीसारखा वास आला तर ओलं जास्त झालं, कोरडं घाला. कुजकट वास आला तर हवा कमी, हलवा. मुंग्या आल्या तर कोरडं पडलं. आळ्या दिसल्या की सगळे घाबरतात. करड्या, चपट्या, जाडसर आळ्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. त्या कचरा भराभर फस्त करतात आणि ती माशी घरात अन्नावर येऊन बसत नाही. तरी पाहवत नसेल तर कडुनिंबाच्या पेंडीची मूठ टाका आणि वर पाल्याचा जाड थर द्या.

रस्साभाजी, मांस-मासळी, दुधाचे पदार्थ आणि तेलकट काही बास्केटमध्ये नको. ते महापालिकेच्या ओल्यात जाऊ द्या. लिंबाची सालं आणि कांद्याची टरफलं टाकायची नाहीत, हे गांडुळांच्या पेटीपुरतं खरं आहे. साध्या बास्केटला त्यांचं वावडं नाही.

पहिली बास्केट भरली की ती बाजूला ठेवा, आठवड्यातून एकदा हलवा आणि दुसरी सुरू करा. दीड-दोन महिन्यांनी पहिलीतला कचरा काळा, मोकळा होतो आणि त्यात भाजी ओळखू येत नाही. चाळून घ्या, चाळणीवर राहिलेलं दुसरीत टाका, विरजण म्हणून. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत पुरे.

पाला पुण्यात फुकट आहे, पण फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीतच गोळा करा, दोन गोण्या. पावसाळ्यात कोरडं पान मिळत नाही आणि बास्केटला तेव्हाच त्याची सर्वांत जास्त गरज असते. पाला जाळणाऱ्याला अडवायचं असेल तर गोणी घेऊन जा, भांडायला लागत नाही.

सोसायटीचं काय

२०१६ च्या नियमांतच ५,००० चौरस मीटरहून मोठ्या बंदिस्त वसाहतींनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करावी असं आलं होतं. दिवसाला १०० किलो किंवा अधिक कचरा निघणारी सोसायटी मोठी कचरानिर्माती धरली जाते आणि तिच्यावर जबाबदारी जास्त असते. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असला तर मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळते, दोन किंवा जास्त असले तर १० टक्के. प्रकल्प 'चालू' असावा लागतो, कोळ्याच्या जाळ्यांनी भरलेला खड्डा दाखवून चालत नाही.

यंत्र घ्यायला निघालेल्या सोसायट्यांसाठी एक सूचना. एका रात्रीत खत, अशी जाहिरात असलेली काही यंत्रं कचरा फक्त तापवून वाळवतात. तो भुगा ओला झाला की पुन्हा नासतो. विक्रेत्यासमोर मूठभर भुगा पाण्यात भिजवून तीन दिवस ठेवा आणि मग वास घ्या. आमच्या कमिटीने हे केलं आणि साध्या विटांच्या हौदांवर आली.

मुंज, बारसं किंवा वाढदिवस गच्चीवर किंवा आवारात करणार असाल आणि शंभराहून जास्त माणसं येणार असतील, तर तीन कामकाजाचे दिवस आधी महापालिकेला कळवायची तरतूद २०१६ च्या नियमांत होती. कुणी कळवत असल्याचं मी पाहिलेलं नाही. निदान ताईंना तरी आदल्या दिवशी सांगा, आणि प्लॅस्टिकचे चमचे-ग्लास आणू नका. ते १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत.

गावी जाताना

दहा-पंधरा दिवस घर बंद राहणार असेल तर जायच्या आदल्या दिवसापासून बास्केटमध्ये काही टाकू नका. खालपासून एकदा नीट हलवा, वर पाल्याचा चार बोटं थर द्या, ओलं गोणपाट झाका आणि उन्हातून सावलीत सरकवा. उन्हाळा असेल तर शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी शिंपडायला सांगा. आमच्याकडे ते काम आता त्याच वहिनी करतात, आणि चाळलेलं खत पहिल्यांदा त्यांच्या जास्वंदीला जातं.